उजवी पाकळी

खुटबाव, मंगळवार, ३ जून २०२५

प्रतिभा,

आशीर्वाद लिहिते, कारण थोरल्या बहिणीनं कागद लिहायला घेतला की पहिली ओळ तीच असते. मनातून आला तर बघू.

तीन वर्षांत मी तुला फोन केला नाही. तुझा नंबर मीच बंद करून ठेवलाय, हे तुला कळलं असेलच. आत्ताही लिहिलं नसतं. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची मागची कोरी पानं जपून ठेवली होती, त्यातली ही दोन तुझ्यावर घालवतेय. पोस्टाला चार दिवस लागतील, तेवढे हातात नाहीत, म्हणून शेजारच्या सरदारबीच्या अकबरकडं देते. तो कांद्याची गाडी घेऊन शिरूरवरनं पुढं कवठ्याला येतो.

काम असं. आमच्या थोरल्या दिरांचा रविराज तुला आठवत असेल, दौंडच्या ज्युनियर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. त्याची चार वर्षांची ईश्वरी गेल्या गुरुवारपासून दौंडला दवाखान्यात आहे. न्यूमोनिया. नाकाला नळी, हाताला सुई. डॉक्टर म्हणतात अजून आठवडाभर काही सांगता येणार नाही, पण हलवू मात्र नका. आणि रविराज तिला हलवायचं म्हणतोय. ते तुझ्यामुळं.

काल मी डबा घेऊन गेले होते. सुवर्णा, त्याची बायको, मला म्हणाली, "काकी, तुमच्या बहिणीनं तिच्या सत्यजीतला असंच उचलून आणलं हुतं ना दवाखान्यातनं? आन् चौथ्या दिवशी पोरगं अंगणात खेळत हुतं." एवढं बोलली आणि माझ्याकडं बघून तिनं पदर तोंडाला लावला. त्याच चौथ्या दिवशी माझ्या राजनंदिनीनं त्याच दवाखान्यात डोळे मिटले, हे तिला तेव्हा आठवलं. मी डब्याचं झाकण लावलं.

शनिवारी रविराज तुझ्याकडं येणार आहे. तू आपल्या माहेरच्या माळावर जाऊन देवीआईला कौल लावायचास, उजवा आला की तो पोरीला घरी आणणार, असं त्यांचं ठरलंय. आता तू त्याला नाही म्हण. एवढ्यासाठी हा कागद.

मी सांगून बघितलं. माझं कोण ऐकतंय. दर मंगळवारी तुझ्या दारात बायका बसतात म्हणे. तुझी ओटी भरतात, सत्यजीतच्या डोक्यावरनं हात फिरवून तो आपल्या पोरांच्या डोक्यावर ठेवतात. ऐकून मला हसू आलं. चतुर्थीला चंद्र निघेपर्यंत तुला कधी दम निघाला नाही. मोरीमागं बसून भाकरी खायचीस आणि ओठ पुसून आरतीला उभी राहायचीस, टाळ्या सगळ्यांत जोरात. आरतीचं दुसरं कडवं तुला अजून येत नसेल. मी बाविसाव्या वर्षापासून एक मंगळवार मोडला नाही. राजनंदिनी पोटात असताना डॉक्टरीणबाई रागावल्या तरी मोडला नाही. आणि बायका तुझी ओटी भरतात.

असो. देवीला कुणाच्या दारात जायचं ते मी कोण सांगणार.

तुला उजवा आला, तू पोराला नेलंस. मला डावा आला, मी पोरीला ठेवलं. आपण दोघींनी आईचं ऐकलं. तिच्या मनात काय होतं ते तिला ठाऊक. पण एकीच्या नशिबाचं दुसरीनं पांघरायला घेऊ नये, एवढं रविराजला तुझ्या तोंडानं सांग.

तुझी सुलक्षणाताई


खुटबाव, गुरुवार, ५ जून

प्रतिभा,

अकबर म्हणाला, कागद घेतलास, दारातच वाचलास आणि "बघते" म्हणालीस. "बघते" म्हणजे काय? हो का नाही? लहानपणापासून तुझं हेच. आई विचारायची, दूध उतू कुणी घालवलं, तर तू म्हणायचीस "बघते" आणि परसात पळायचीस. मार मला बसायचा.

ईश्वरी तशीच आहे. ताप उतरतो, पुन्हा चढतो.

काल रविराज इथं बसला होता. दाढी वाढलीये, एकच शर्ट तीन दिवस. मी म्हटलं, "अरे, तू तर्कशास्त्र शिकवतोस ना पोरांना?" तर म्हणतो, "वर्गात शिकवतो, काकी." मग त्यानं मला एक गोष्ट सांगितली. परदेशात कुणी माणूस होता म्हणे, दीड-दोनशे वर्षांपूर्वी, त्यानं सगळा जन्म एकाच गोष्टीवर विचार करण्यात घालवला. देवानं एका बापाला सांगितलं, तुझा पोरगा मला कापून दे. बाप पोराला घेऊन तीन दिवस डोंगराकडं चालत गेला. बायकोला बोलला नाही, पोराला बोलला नाही. कारण सांगणार काय? लोकांच्या हिशेबानं तो खुनी, देवाच्या हिशेबानं भक्त, आणि दोन्ही एकाच वेळी. "काकी, खऱ्या विश्वासाची खूणच ही की तो दुसऱ्याला पटवून देता येत नाही," असं तो मला सांगत होता.

मी म्हटलं, "मग तू मला का पटवतोयस?"

दाढीवरनं हात फिरवत म्हणाला, "मी घाबरलोय, काकी."

ही गोष्ट मला नवी नव्हती. सरदारबीकडं शनिवारी ईद आहे, ती याच गोष्टीची. भिंतीपलीकडं बकऱ्याला हिरवा पाला घालत होती, तेव्हा मी तिला विचारलं, तुला काय वाटतं त्या बापाचं. ती म्हणाली, "दर साली ऐकते, भाभी. बाप बोलला, पोरगं बोललं, फरिश्ता बोलला. त्या पोराच्या आईला कुणी विचारलंच न्हाई. मी एकदा अकबरच्या अब्बांना म्हणलं, तिला काय वाटलं असंल ओ? तर म्हणले, चहा टाक." आणि हसली. मलाही हसू आलं. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना.

सुरी उचलली तेव्हा वरनं बकरं आलं, म्हणून तो बाप थोर. बकरं आलं नसतं तर? आज त्याचं नाव कुणी घेतलं असतं? आणि प्रतिभा, तुझ्यासाठी आलं.

लिहिलं एकदाचं. तीन वर्षं हेच मला खातंय.

दोघी पंचमीला माहेरी आलो होतो. दोन्ही पोरं त्याच हौदापाशी खेळली, तोच डास चावला असेल, तोच डेंगू, एकाच दिवशी शिरूरला शेजारशेजारच्या खाटांवर. दोघांच्याही रक्तातल्या त्या पेशी रोज उतरायला लागल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे तू म्हणालीस, ताई, माळावर जाऊन येऊ. जीपमध्ये तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस. मी जागी होते.

हौसराव गुरवानं दार उघडलं, कण्हेरीच्या पाकळ्या दिल्या आणि रीतीप्रमाणं दाराकडं पाठ करून पायरीवर बसला. आपल्या आईचा कौल माहेरवाशिणीनं एकटीनं लावायचा, गुरवानंही बघायचा नाही. मी कितीजणींना ही रीत सांगते, कुणाला खरं वाटत नाही. ओल्या पाकळ्या आईच्या दोन खांद्यांवर लावायच्या आणि मनात विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आपण जीपमध्येच ठरवलं होतं, दोघींनी एकच विचारायचं. पोराला दवाखान्यातनं काढून, आई, तुझ्या ओटीत आणू का?

थोरली म्हणून मी आधी गेले. माझं लगेच झालं. मग तू गेलीस ती आतच. मी चिंचेखाली उभी. ऊन पायापाशी आलं, तरी तू आतच. तेव्हा हौसराव पाठमोऱ्यानंच म्हणाला, "धाकलीसंगं आई बोलत बसली जनू."

त्यानं ते सहज म्हटलं. ते वाक्य माझ्या कानातून अजून निघालेलं नाही. जिनं एक उपास धड केला नाही, तिच्याशी बोलत बसली. मला दोन श्वासांत वाटेला लावलं.

सत्यजीत बरा झाल्यावर तू नवस फेडलास आणि पुरणाचा नैवेद्य माझ्याकडं पाठवलास. राजनंदिनीला जाऊन महिनाही झाला नव्हता. तुझा हेतू चांगला असेल. मी तो गव्हाणीत टाकला. देवीचा प्रसाद, आणि मी तो म्हशीपुढं टाकला. तुझ्या दाजींना सांगितलं, खाल्ला.

रविराजला नाही म्हण. तुझ्या पाया पडते, असं लिहिणार होते. लिहवत नाही. नाही म्हण एवढंच.

सुलक्षणा


खुटबाव, रविवार, ८ जून

प्रतिभा,

काल तू स्वतः दौंडला येशील असं मला वाटलं नव्हतं. रविराजनं कवठ्याला निघायला गाडी सांगितली होती, तेवढ्यात तूच एसटीनं दारात. मी पोचले तेव्हा तू वर खोलीत होतीस. जिन्यात तुझा आवाज आला आणि डबा मांडीवर घेऊन तिथंच बसले. त्यामुळं तू वर काय बोललीस ते सगळं मी ऐकलंय. तुला वाटलं असेल मी नंतर आले.

रविराज म्हणाला, "मावशी, फक्त तुम्ही कौल लावा. उजवा आला की मी सही करून पोरीला काढतो." सुवर्णा रडत होती. आणि तू म्हणालीस,

"मला कौल आलाच नव्हता."

जिन्यात माझ्या मांडीवरचा डबा कलंडला. आमटी साडीवर आली, मी ती पुसलीसुद्धा नाही.

तू म्हणालीस, दोन्ही पाकळ्या चिकटून राहिल्या. तू बसून राहिलीस, पाणी शिंपडलंस, विनवलंस, भांडलीस. एकही पडली नाही. शेवटी उठलीस आणि बाहेर येऊन म्हणालीस, घेऊन ये म्हणाली.

रविराजनं विचारलं, मग नेलंत कशाला? तुझं उत्तर मी इथं तसंच्या तसं लिहून ठेवते, पुढंमागं विसरायला नको. "मला ठाऊक न्हाई, बाबा. त्याला त्या खोलीत बघवंना मला. तो गेला असता तर मीच मारलं असतं त्याला, दुसऱ्या कुणी न्हाई. जगला म्हणून तुम्ही माझी ओटी भरताय. डॉक्टर म्हणले, त्याचं रक्त त्याच दिवशी चढायला लागलं हुतं, हितं असता तरी वाचला असता. खरं काय ते मला अजून कळलं न्हाई. तू तुझ्या पोरीला नेणार असशील तर ने. पण आईच्या नावावर न्यायचं न्हाई, आन् माझ्या नावावर तर न्हाईच. तुझ्या नावावर ने."

मशिनचा टुक टुक आवाज तेवढा जिन्यापर्यंत येत होता. सुवर्णा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ओ इथंच." तू गेल्यावर रविराजनं तो सहीचा कागद घडी करून खिशात घातला, आणि खाली येऊन चहाच्या टपरीमागं ढसाढसा रडला. हे तुला दिसलं नाही म्हणून लिहिलं.

खाली उतरताना तू मला पाहिलंस. तीन वर्षांनी समोरासमोर, आणि माझ्या साडीवर आमटी. मला वाटलं, आता ही नैवेद्याचं काढेल. तू माझ्या साडीकडं बघितलंस आणि म्हणालीस, "ताई, तुला निदान डावा तरी मिळाला. मला तिनं काहीच दिलं न्हाई. तीन वर्षं तुझा हेवा करतीये मी." आणि एसटी लागली म्हणून निघून गेलीस.

तू माझा हेवा करतेस.

रात्रभर या एका वाक्यावर जागी होते. आता मी लिहिते ते नीट वाच, आणि वाचून झालं की चुलीत घाल.

मला डावी पडली नव्हती. उजवी पडली होती.

लावता लावताच पडली. ओली असून. टपकन आईच्या पायाशी. मी प्रश्न पुरा मनात म्हटलाही नव्हता. इतकं स्पष्ट ती माझ्याशी आयुष्यात कधी बोलली नव्हती. इतक्या वर्षांचे मंगळवार, त्यांचं उत्तर तेवढं एक, आणि ते मला नको होतं.

मला राजनंदिनीच्या हाताची सुई दिसली. ती सुई काढायला लावणारे हात माझे नकोत, एवढंच वाटलं. आईनं सांगितलं तरी नकोत. म्हटलं, तू देवी असशील, पण पोरीच्या अंगातला ताप तुला लागत नाही, मला लागतो. असं मी तिच्या तोंडावर म्हटलं, प्रतिभा. पाकळी तबकात टाकली नाही, ओच्यात खोचली. देवघरात पितळेच्या डबीत आहे. आता नुसता चुरा झालाय.

आणि बाहेर येऊन म्हणाले, डावी. ते का? पोरगी वाचली तर आईनं ठेव म्हटलं होतं, गेली तरी आईनंच ठेव म्हटलं होतं. दोन्हीकडनं माझा पदर स्वच्छ. तू खोटं बोललीस तुझं करणं तिच्या नावावर घालायला, आणि मीही तेच केलं. दोघींनी एकाच सकाळी, एकाच दारात, आणि गुरव पाठ करून बसलेला.

तुझ्या दाजींनी माझ्यावर विश्वास ठेवला. राजनंदिनी गेली त्या दिवशी त्यांनी माळावरच्या आईचा फोटो भिंतीवरनं काढून फडताळात ठेवला. म्हणाले, "तिनंच ठेव म्हणलं, आन् तिनंच नेलं. असली देवी मला नको." तीन वर्षं त्या घरात मी दिवा लावते आणि ते पाठ फिरवून जेवतात. माझ्या खोट्यामुळं एका माणसाचा देव गेला. हे मी कुठल्या उपासानं भरून काढू?

अजून एक लिहिते, ते लिहिलं नाही तर बाकीचं सगळं लिहून काय उपयोग. रविराजला मी थांबवत होते, ते सगळं ईश्वरीसाठी नव्हतं. बुधवारी तो माझ्यापुढं बसून घाबरलोय म्हणाला, तेव्हा एक क्षण मला वाटलं, नेऊ दे. घरी नेली आणि काही बरंवाईट झालं, तर लोकांना कळेल की कवठ्याची बाई काही देवीची लाडकी नव्हती, नुसती नशिबाची होती. चार वर्षांच्या पोरीवर मी तुझा हेवा ठेवून बघितला. क्षणभरच. पण ठेवला.

आणि खरं सांगून त्याला अडवायचं म्हटलं तर तेही जमत नव्हतं. उजवी आली, मी मोडली आणि पोरगी गेली, एवढं ऐकलं असतं तर तो पोरीला उचलून पळत सुटला असता. म्हणून एका पोरीला वाचवायला मी खोट्यावरच बसून राहिले. याला पाप म्हणतात का पुण्य, रविराजच्या त्या परदेशी माणसाला विचारायला हवं.

तुझा हेवा अजून गेलेला नाही. नुसता फिरलाय. आधी वाटायचं, तुला आईनं सांगितलं आणि तू ऐकलंस. आता वाटतं, तुला तिनं सांगितलंच नाही. तुझ्यापुढं तिनं असली कोंडी उभीच केली नाही. गप्प राहिली आणि पोरगा दिला. माझ्याशी बोलली.

सुलक्षणा


खुटबाव, सोमवार, १६ जून

प्रतिभा,

ईश्वरी शुक्रवारी घरी आली. खोकते अजून, पण काल मला म्हणाली, "काकीआजी, तुझ्या डब्यातली आमटी तिखट." म्हणजे बरी आहे. रविराज उद्यापासून कॉलेजात जाणार. मी विचारलं, आता पोरांना काय शिकवशील? म्हणाला, "अभ्यासक्रमात आहे तेच."

तिच्यासाठी कुणी कौल लावला नव्हता. तरी गावातल्या बायका आता म्हणतात, कवठ्याच्या मावशी स्वतः दवाखान्यात येऊन गेल्या, म्हणून पोरगी उठली. तू कितीही ओरडून सांगितलंस तरी तुझी ओटी रिकामी राहायची नाही. मला पुन्हा वाईट वाटलं, पण पूर्वीइतकं नाही.

तुझ्या दाजींना मी सांगितलं. काल दुपारी, जेवताना. डबी ताटाशेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"नक्की उजवी?"

"उजवीच."

डबी उघडून आतला चुरा बघितला. मग म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी आणली असती तिला."

एवढ्यासाठीच तर सांगितलं नव्हतं.

"आन् वाटंतच गेली असती, तर तुझं तोंड बघितलं नसतं जन्मात." आमटीत बोट बुडवून ताटावर रेघा ओढत राहिले. माझ्या ताटात भात तसाच होता. उठताना म्हणाले, "जेव तू."

संध्याकाळी दिवा लावायला गेले तर फोटो फडताळातून बाहेर होता. भिंतीवर लावला नव्हता, खालीच, भिंतीला टेकवून ठेवला होता. आज सकाळी तो तिथंच होता.

सरदारबीनं विचारलं, बहिणीचं काय झालं. मी म्हटलं, आम्ही दोघी खोटं बोललो होतो. ती म्हणाली, "दोघीबी? मग बरं झालं. एकीनंच खरं बोललं असतं तर कायमचं तुटलं असतं." तिला यात काय एवढं बरं दिसलं कोण जाणे, पण मला ते पटलं.

अकबरकडं दिलेल्या चिठ्ठीत तू एकच ओळ लिहिलीस. तीन वर्षांनी एकच, तीही दुकानाच्या बिलामागं. यात तरी माझ्यावर गेलीस. विचारतेस, "ताई, पुन्हा तशीच वेळ आली तर?"

मी चार दिवस याचा विचार केला. पुन्हा उजवी पडली तरी मी पोरीच्या हाताची सुई काढू देणार नाही. आणि तरी मंगळवार धरीन. हे दोन्ही एका बाईत कसं राहतं ते मला सांगता येणार नाही, आणि आईपुढं मी ते लपवणारही नाही. ह्या वेळी बाहेर येऊन उजवीच म्हणेन. एवढाच फरक.

उद्या मंगळवार. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी सकाळच्या गाडीनं येते. तू शिरूरच्या स्टँडवर ये, तिथनं माळावर जाऊ. हौसरावला सांग, पाकळ्या काढून ठेवू नको, आम्हाला काही विचारायचं नाही. आणि पाठ करूनही बसू नको. त्या चुऱ्याचं काय करायचं ते तिथं ठरवू.

मी उपाशी येणार, तुझा उपास मोडायचा तर जीपमध्ये मोड, माझ्यादेखत. मोरीमागं जाऊ नकोस.

सत्यजीतला आण. बारा वर्षांचा झाला असेल, म्हणजे राजनंदिनी गेली त्या वयापेक्षा मोठा झाला. मी त्याच्याकडं बघीन. बघवलं नाही तर तोंड फिरवीन. तेव्हा काही बोलू नकोस, नुसती माझ्या शेजारी उभी राहा.

आशीर्वाद शेवटी लिहिते. या वेळी आला.

ताई